दुभाष्याचा हात

रविवार, २ मार्च २०२५

आज हॉलमधला माइक जळला. माझ्या आवाजाने जळला असं सभेतले लोक म्हणतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो वायर जुनी होती. मला लोकांचं म्हणणं जास्त पटतं.

ही डायरी दुकानात आलेली, मसाल्याच्या कंपनीची. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल मिरचीचं चित्र आहे. पास्टर आशीर्वादम म्हणाले होते, प्रभूची रोजची कृपा लिहून ठेवत जा. दोन महिने ती तशीच पडली होती, आज मुहूर्त लागला. मराठीत लिहितो, कारण आमच्या घरात मराठी बोलतात सगळे आणि वाचत कोणी नाही. शिल्पा तेलुगू शाळेतली, तन्वी इंग्लिश मीडियमची, भामाआत्या अंगठाबहाद्दर. तेव्हा इथे काय वाटेल ते लिहायला मोकळीक आहे.

मी पास्टरांचा दुभाष्या आहे. ते गुंटूरकडचे, तेलुगूशिवाय दुसरी भाषा नाही. त्यांचं एक वाक्य झालं की तेच मी हिंदीत सांगायचं, आणि समोर आपले नांदेड-देगलूरकडचे लोक जास्त असले की मराठीत. पण नुसते शब्द पोचवून भागत नाही. ते ओरडले की मी ओरडायचं, ते रडले की मी रडायचं, त्यांनी हात उचलला की माझा हात त्याच क्षणी वर गेला पाहिजे. पहिल्या रविवारी मी हात खिशात घालून उभा होतो, तर म्हणाले, "दुभाष्या थंड पडला की पवित्र आत्मा निम्म्या हॉलपर्यंतच पोचतो." तेव्हापासून मी त्यांची सावली झालो. सहा दिवस बेगम बाजारात मिरचीच्या पोत्यांवर उभा राहून ओरडतो आणि सातव्या दिवशी तारनाक्याच्या हॉलमध्ये चारशे माणसांसमोर. फरक इतकाच की तिथे लोक आमेन म्हणतात.

खरं लिहायचं तर तीन वर्षांपूर्वीपर्यंत मी रोज प्यायचो आणि शिल्पाला मारायचो. एकदा उलथन्याने मारलं, तिच्या भुवईवर अजून खूण आहे. पास्टरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला त्या दिवसापासून घशाखाली थेंब गेलेला नाही आणि बायकोवर हात उठलेला नाही. हे ज्याने केलं त्याला देव म्हणायचं नाही तर कोणाला म्हणायचं? भावकी नावं ठेवते. ठेवू देत. माझी बाटली भावकीने सोडवली नव्हती.

बुधवारपासून चाळीस दिवसांचे उपवास. माझं मागणं एकच आहे. तन्वीच्या फिट थांबू देत. चौदा वर्षांची पोर, दोन वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ गोळ्या. मला तिचं तोंड वाकडं झालेलं बघवत नाही.

मंगळवार, ४ मार्च

आज हात उचलला. यादगिरी हमालाने पोतं आपटलं, ते फुटलं आणि सगळ्या गल्लीच्या नाकात मिरची गेली. वर दात काढत उभा राहिला. माझं डोकं सणकलं. भर बाजारात त्याच्या कानाखाली जाळ काढला. तो खाली बसला, मग सगळे आपापल्या कामाला लागले.

घरी येऊन प्रार्थना केली. प्रभूनेही मंदिरात आसूड उचलला होता, हे आठवलं आणि मन शांत झालं. हा राग आता दारूचा नाही, नीतीचा आहे.

भामाआत्याने विचारलं, "हात कशानं सुजला रे हर्षा?" ही माझ्या वडिलांची बहीण, माझ्याकडेच असते. तिच्या उजव्या तळहातावर रुपयाएवढा चकचकीत चट्टा आहे. लहानपणी तिलाही झटके यायचे. गावात मांत्रिक आणला, त्याने कडुलिंबाच्या फोकाने झोडपलं आणि तळहातावर कापूर पेटवला. माझ्या आजोबांनी स्वतः तिला धरून ठेवलं होतं. तिचं लग्नही झालं नाही. काय अंधारातले लोक होते! प्रभूने मला त्यातून बाहेर काढलं, ही केवढी कृपा.

रविवार, ९ मार्च

मोठा दिवस. आज साक्ष दिली.

आमच्याकडे साक्ष आधी देतात. काम झाल्यावर आभार कोणीही मानेल. झालं नसताना "झालं" म्हणायचं, तोच विश्वास. पास्टर म्हणाले, कोण आज विश्वासाने बोलणार? मी माइक खाली ठेवला, तन्वीला हाताला धरून स्टेजवर आणलं आणि म्हणालो, "ही माझी मुलगी. हिचा आजार गेला आहे." हॉल दणाणला. टाळ्या, गाणं, माझ्या अंगावर काटा. ते गाणं लागलं की मला खरोखर कोणीतरी उचलून घेतं, मागचं सगळं धुऊन निघाल्यासारखं होतं. तन्वी खाली बघत उभी होती. तिच्या तोंडाशी माइक धरला तेव्हा आमेन म्हणाली.

येताना चादरघाटच्या पुलावर गाडी थांबवली आणि गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या मुसी नदीत टाकल्या.

"पप्पा, डॉक्टर बोले ना, एकदम बंद नक्को करो बोलके," तन्वी म्हणाली.

"डॉक्टर मोठा की प्रभू?"

ती पाण्याकडे बघत राहिली. घरी शिल्पाला सांगितलं. तिने गॅस बारीक केला, पोळी तव्यावरच जळू दिली. शिल्पाचा विश्वास कच्चा आहे. चालायचंच, एकाच्या विश्वासाने घर तरतं.

रविवार, २३ मार्च

बुधवारी सकाळी तन्वीला फिट आली. दप्तर भरता भरता पडली. जीभ चावली गेली, गणवेशावर रक्त. शिल्पा दवाखान्यात नेऊ म्हणत होती. मी दाराला कडी लावली. साक्ष दिलेली आहे, चारशे लोकांनी ऐकलेली आहे. आता दवाखान्याच्या रांगेत सभेतलं कोणी भेटलं तर माझं सोड, प्रभूचं नाव खाली जाईल. तिघींनाही बजावलं, घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली तर माझ्याशी गाठ आहे.

आज सभेनंतर जिन्यात सुशीलाबाईंनी गाठलं. या जालन्याच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, रेल्वेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सकाळी आपल्या जुन्या चर्चमध्ये जातात आणि नंतर आमच्याकडे गाण्यांसाठी येतात.

"हर्षवर्धन, पोरीची जीभ चावलेली दिसते. गोळ्या चालू आहेत ना?"

मी म्हणालो, "बाई, तुमची थंड चर्चं. तुम्हाला सामर्थ्य काय कळणार."

"चाळीस वर्षं वॉर्डात प्रार्थना केली आहे मी. पण एका हाताने. दुसऱ्या हातात औषध असायचं." आणि जाता जाता म्हणाल्या, "आणि इतकं ओरडू नका हो. प्रभूला ऐकू येतं."

नाकाला मिरच्या झोंबल्या मला. माझा आवाज निघत नसता तर या बाईंना मराठी कोण ऐकवणार होतं? उचलली जीभ लावली टाळ्याला.

रविवार, ३० मार्च

आज पाडवा आणि रविवार एकाच दिवशी. सकाळी लवकर हॉलवर गेलो. परत आलो तर गॅलरीत गुढी. साडी, कडुलिंब, वर तांब्याचा तांब्या. मी घरात नाही हे बघून शिल्पाने उभारली. उपवासाच्या ऐन चाळीस दिवसांत, माझ्या घरात.

काठी उपसून गुडघ्यावर मोडली. तांब्या खाली गल्लीत फेकला, तो कोणाच्यातरी स्कूटरवर जाऊन आदळला. शिल्पा मध्ये आली. माझा हात वर गेला. पण खाली आणला. मारलं नाही! तीन वर्षांपूर्वीचा हर्षवर्धन असता तर तिचा दात पडला असता. ही आजची कृपा, मुद्दाम लिहून ठेवतो.

भामाआत्या खाली जाऊन चेपलेला तांब्या घेऊन आली. पदराने पुसत म्हणाली, "तुझा आजा बी देवाचंच नाव घ्यायचा हर्षा. मला धरताना बी घेतलं त्यानं."

"मी आणि आजा सारखे का?"

"मी कुठं म्हनले तसं," ती म्हणाली आणि तांब्या फळीवर ठेवला.

तन्वीने मोरीत जाऊन आतून कडी लावून घेतली होती. किती हाका मारल्या. मी तिला काहीच केलेलं नव्हतं.

रविवार, ६ एप्रिल

या आठवड्यात दोन फिट. पोर वाळत चालली आहे. संध्याकाळपर्यंत उपास धरते. मीच धरायला लावला. रात्रीच्या जेवणाला बसली की घास ताटात सांडतो.

पास्टरांना एकट्याला सगळं सांगितलं. रडलो. त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, साक्ष खोटी नाही, पण घर झाडून स्वच्छ केलं की निघालेला दुष्ट आत्मा आणखी सात घेऊन परत येतो, तसं लिहिलेलं आहे. ते लबाड माणूस नाहीत. त्यांचा एकुलता मुलगा अकराव्या वर्षी तापाने गेला. लोक म्हणत होते इस्पितळात न्या, यांनी सहा दिवस प्रार्थना सोडली नाही. ते प्रत्येक सभेत सांगतात, प्रभूने त्याला बोलावून घेतलं, मी हरलो नाही. हे मराठीत सांगताना मला रडण्याचं सोंग करावं लागत नाही. असा विश्वास मला कधी येणार?

पुढच्या रविवारी तन्वीसाठी सुटकेची प्रार्थना, आत्मा काढायची. उपवासातला शेवटचा, झावळ्यांचा रविवार आहे. शिल्पाला साधीच प्रार्थना आहे असं सांगणार. तिला घरीच राहू दे, ती मध्ये मध्ये करेल.

रविवार, १३ एप्रिल

तन्वी पडली. दवाखान्यात आहोत. आयसीयूत आत सोडत नाहीत.

मंगळवार, १५ एप्रिल

काल दुपारी तन्वीने डोळे उघडले. प्रभूचे उपकार.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि तोंडाच्या फटकळ. फिट चाळीस मिनिटं थांबली नव्हती म्हणाल्या. गोळ्या एकाएकी बंद केल्या की असंच होतं, पोर गेलीच असती. डोक्याला मागे सहा टाके आहेत. डाव्या कानाचा पडदा फाटला आहे, आतून रक्त आलं. मी सांगितलं, जिन्यावरून पडली.

"जिना कानात शिरला का?" त्या हिंदीत म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पोलिसांना कळवणार आहेत.

मला नक्की आठवत नाही. सैतानाने तिला आपटलं, स्टेजच्या लोखंडी कडेवर डोकं लागलं. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं होती. गर्दीत कोणाचा तरी हात लागला असेल. पास्टरांनीही एक-दोन चापट्या मारल्या होत्या.

भामाआत्याचा वरचा ओठ फुटलेला आहे. तीही पडली असेल. विचारलं नाही.

शिल्पा आयसीयूच्या दारात उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही तिच्याजवळ यायचं नाही." मी म्हणालो, बाप आहे मी. तिने चप्पल काढून हातात घेतली. वॉर्डबॉय, नर्स, सगळे बघत होते. मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

शुक्रवार, १८ एप्रिल. उत्तम शुक्रवार

दुपारच्या सभेला गेलो. माझ्याशिवाय दुभाष्या नाही. बारा ते तीन, वधस्तंभाची गोष्ट. पास्टर सांगत होते, मी सांगत होतो. मग ते म्हणाले, शिपायांनी त्याचे डोळे बांधले आणि त्याच्या तोंडात मारलं. हे सांगताना ते दर वर्षी हवेत हात मारून दाखवतात. त्यांचा हात गेला. सवयीने माझाही गेला.

आणि मला तो आवाज आला. हवेतच मारला होता, तरी आला.

पुढचं वाक्य मला सांगता आलं नाही. पास्टरांना वाटलं मी रडतोय, सगळ्यांनाच वाटलं. मागच्या दाराने निघालो ते पायी तारनाक्याहून मलकपेठेला घरापर्यंत आलो. ऊन मी म्हणत होतं. आता लिहितो. वाचणारं कोणी नाही.

१३ तारखेला सकाळी अकरा वाजता तन्वीला स्टेजपुढे उभं केलं. आदल्या दिवसापासून उपाशी होती. दोन बायकांनी दंड धरले. ढोल चालू होता, लोक मोठमोठ्याने अन्य भाषांत, कोणालाच न कळणाऱ्या, बोलत होते. पास्टर ओरडले, "वेळ्ळिपो!" मी ओरडलो, "निघ!" ते ओरडले, मी ओरडलो. त्यांनी तिच्या गालावर चापट मारली. चापटच होती. सत्तरीचा हात तो, त्याला जोर नाही, आणि ते तिला मारत नव्हते, आतल्याला मारत होते. मी त्यांची सावली. माझा हात त्याच क्षणी गेला. पण माझा हात मिरचीची पोती उचलणारा आहे.

किती वेळा? त्यांच्या प्रत्येक चापटीला एक. पाच, सहा. माझा प्रत्येक फटका तिच्या डाव्या बाजूला बसत होता.

तन्वीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, मीच आहे. दुसरं कोणी नाही."

पास्टरांना मराठी येत नाही. त्यांनी मला विचारलं, "एमंटोंदि?" काय म्हणते?

आणि मी सांगितलं, "तो म्हणतो, मी जाणार नाही."

मी तिचं ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं. ढोलाच्या वर ऐकलं होतं. तीन वर्षांत मी पास्टरांचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही, आणि लेकीचं एकच वाक्य होतं, ते मी असं सांगितलं. चारशे लोकांसमोर म्हटलं होतं ना, आजार गेला म्हणून. आत सैतान असला तर माझी साक्ष खरी राहत होती. नुसती तन्वी असली तर मी खोटा पडत होतो.

मग पास्टर आणखी जोरात ओरडले आणि मी आणखी जोरात मारलं. ती ताठ झाली, डोळे फिरले, बायकांच्या हातून सुटली आणि डोकं लोखंडावर आदळलं. ती झटके देत होती आणि आम्ही म्हणत होतो, बघा, सोडून चाललाय. दहा-पंधरा मिनिटं तरी आम्ही टाळ्या वाजवत होतो. मी खाली वाकून तिच्या तोंडावर ओरडत होतो. भामाआत्या कुठून आली ठाऊक नाही. पोरीच्या अंगावर पालथी पडली आणि म्हणाली, "मला मार. मला सवय हाय. लेकराला काय मारायलास?" मी तिलाही मारलं. तिचा ओठ मी फोडला. शेवटी सुशीलाबाई चपलांसकट स्टेजवर आल्या, माझ्या छातीवर दोन्ही हात देऊन मला ढकललं, तन्वीला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पदराने पुसला आणि रिक्षा, रिक्षा म्हणून ओरडल्या. चाळीस वर्षं न ओरडलेली बाई.

जिना नव्हता. सैतान नव्हता. मी मारलं.

आजाने निदान नुसतं धरलं होतं.

रविवार, २० एप्रिल. पुनरुत्थानाचा दिवस

डावा डोळा सुजून बंद झाला आहे, एका डोळ्याने लिहितो आहे.

हॉल फुलांनी सजवला होता, पांढरे कपडे, लोक दाराबाहेरपर्यंत. पास्टरांनी तेलुगूत सुरुवात केली, "या भावाची मुलगी मेल्यासारखी पडली होती, प्रभूने तिला उठवलं." आणि माझ्याकडे बघितलं.

मी ते सांगितलं नाही. हात खिशात घातले आणि म्हणालो, "नऊ मार्चला मी इथे खोटी साक्ष दिली. तन्वीचा आजार गेला नव्हता. मी तिच्या गोळ्या मुसीत टाकल्या. मग तिला इथे आणून मारलं. तिचा कान मी फोडला. ती म्हणाली मीच आहे, आणि मी पास्टरांना सांगितलं की सैतान बोलतो आहे. तिला डॉक्टरांनी वाचवलं आणि सुशीलाबाईंनी. प्रभू होता, पण तो आमच्या बाजूने ओरडत नव्हता. तो तिच्याबरोबर खाली पडलेला होता." आधी मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग तेलुगूत, म्हणजे पास्टरांनाही दुभाष्या लागू नये.

 मग मागून कोणीतरी ओरडलं, आता हाच धरला गेलाय, याच्यातच शिरलाय. सेवक पोरं स्टेजवर आली. पहिला ठोसा डोळ्यावर बसला. माइकचा दांडा खांद्यावर. खाली पाडून लाथा घातल्या, एक दात गेला. बायका गात होत्या. पास्टर काहीतरी ओरडत होते, थांबा म्हणत होते की मारा, मला ऐकू आलं नाही.

त्यातल्या दोघांना मी एका हाताने उचलून फेकलं असतं. हात खिशातच ठेवले. खिशात मुठी इतक्या आवळल्या होत्या की तळहातावर नखं रुतली. आयुष्यात पहिल्यांदा मार खाल्ला आणि परत दिला नाही. हे कृपेत धरायचं की नाही मला माहीत नाही. शेवटी लोकांनीच ओढून रस्त्यावर आणलं.

तिथून तसाच दवाखान्याच्या पोलीस चौकीत गेलो. हवालदाराने माझ्या थोबाडाकडे बघून विचारलं, "कौन मारा तुमको? लिखाते?"

म्हणालो, "मेरा नहीं. मैं जिसको मारा, वो लिखो."

त्याने दोनदा विचारलं आणि मग लिहिलं. वकील करा म्हणाला, नोटीस येईल. मी सही केली.

सोमवार, २८ एप्रिल

तन्वी घरी आली. शिल्पाने मला घराबाहेर काढलं नाही, पण हद्द आखून दिली. बाहेरची खोली माझी. आतल्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे पाय टाकायचा नाही. तन्वीच्या गोळ्या मात्र मीच द्यायच्या, सकाळी आठ आणि रात्री आठ. "तुम्हीच फेकल्या ना? मग तुम्हीच द्या," म्हणाली. उंबऱ्यावर वाटीत गोळी ठेवतो, तन्वी येऊन उचलते, मागे होऊन पाणी पिते. मी डोकं खाजवायला हात वर नेला तरी तिची मान खाली जाते.

दुकानात यादगिरीची माफी मागितली. तो म्हणाला, "अच्छा चलो, हो गया. उधर का पोता उठाओ." दिवसभर त्याच्याबरोबर पोती उचलली.

प्रार्थना सोडलेली नाही. सोडून बघितली, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वाइन शॉपसमोर उभा होतो. ज्याने मला तिथून पहिल्यांदा ओढून काढलं, त्याला मी नाही म्हणू शकत नाही. पण आता ओरडत नाही. सकाळी उंबऱ्याच्या अलीकडे बसतो, दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवतो आणि मनातल्या मनात बोलतो. पहिल्या दिवशी बोलायला काही सुचलंच नाही. सुशीलाबाई तन्वीचे टाके बघायला आल्या होत्या. मला तसं बसलेलं बघून माझ्या शेजारी खाली बसल्या आणि त्यांनीही डोळे मिटले. गोळीची वेळ झाली तेव्हा कोपराने ढोसलं.

रविवार, ४ मे

आज सकाळी पावणेआठला मी उंबऱ्याशी बसलो होतो, तर दारात पास्टर आशीर्वादम. रविवार, सभेची तयारी करायची वेळ, आणि ते इथे, मलकपेठेत, तीन जिने चढून, हातात मोसंब्यांची पिशवी. दाढी वाढलेली. शिल्पा कमरेवर हात देऊन उभी राहिली. मी शिल्पाला म्हणालो, मी इथे आहे, तूही जाऊ नकोस.

ते आत आले नाहीत. दारातूनच तेलुगूत तन्वीला म्हणाले, "बाळा, मी तुझ्यासाठी प्रार्थना करू का?"

तन्वी आतल्या उंबऱ्यावर आली. तेलुगू तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. उजवा कान पुढे करायची सवय लागली आहे तिला, तशी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आणि मराठीत म्हणाली, "पप्पा, त्यांना सांगा. मीच होते."

पास्टरांनी मला विचारलं, "एमंटोंदि?"

तोच प्रश्न. माझे हात मांडीखाली होते. आवाज न चढवता, तिने म्हटलं होतं तेवढंच तेलुगूत सांगितलं. "ती म्हणते, मीच होते."

पास्टर जिन्याच्या पायरीवर बसले. मोसंबी खाली गडगडत गेली.  मग म्हणाले, "माझ्या मुलानेही मला हाक मारली होती. सहाव्या दिवशी. नान्ना, पाणी दे, म्हणाला. मी म्हणालो हा तो नाही, सैतान पाणी मागतो आहे. मी दिलं नाही." सभेत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा एवढासा आवाज मी कधी ऐकला नव्हता. हे मराठीत करायची गरज नव्हती, घरात सगळ्यांना तेलुगू कळतं.

भामाआत्या आत गेली आणि पाडव्याला मी फेकलेला तो चेपलेला तांब्या भरून घेऊन आली. म्हणाली, "प्या." तिची भाषा त्यांना येत नाही, तरी त्यांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि सगळं पाणी प्यायले.

आठ वाजले. मी वाटीत गोळी ठेवली आणि वाटी उंबऱ्यावर सरकवली. तन्वीने वाटी मागे ढकलली.

"हातात द्या," ती म्हणाली.

मी हात मांडीखालून काढला, तळहातावर गोळी घेतली आणि हळूहळू पुढे केला. तिने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि मग गोळी उचलली.

रात्री आठला पुन्हा द्यायची आहे.